यादीत सर्वांत वर इर्मा

डेल्फोर माझ्या बहिणीचा नवरा. जन्मभर त्यानं एकच धंदा केला, आणि तोही असा की कोणी जावयाबद्दल विचारलं की आमचे वडील खोकल्याचं निमित्त करून आत जायचे. रविवारी पाराना नदीकाठच्या बागेत माणसं गोळा करायची, एकचाकी सायकलवर बसून तीन बाटल्या आणि एक कोबीचा गड्डा हवेत फेकायचा, झेलायचा आणि शेवटी हॅट पुढं करायची. तिकीट नाही, दर नाही. ज्याला जे वाटेल ते त्यानं टाकावं. आमच्या रोसारिओ शहरात याचं कोणाला नवल नाही. इथं नाटकं हॅटवर चालतात, गाणी हॅटवर चालतात. आमच्या गल्लीतल्या एका दातांच्या डॉक्टरनंही हे एकदा करून पाहिलं होतं. तो बुडाला. दात उपटून झाल्यावर कोणाला माया येते?

कोबी फेकणं सोपं. अवघड असतं ते हॅटचं भाषण. शेवटची बाटली हातात आली की लोकांचे पाय घराकडं वळायला लागतात. नेमकं तेव्हा त्यांना थांबवायचं, हसवायचं आणि कोणाला न ओशाळवता खिशात हात घालायला लावायचा. डेल्फोर त्यात उस्ताद. "आवडलं असेल तर द्या," तो म्हणायचा. "नसेल आवडलं तर दुप्पट द्या, म्हणजे या वयात मी दुसरं काहीतरी शिकायला जाईन. आणि खिशात काहीच नसेल तर ताठ मानेनं घरी जा. पुढच्या रविवारी सासूला घेऊन या, पाकीट तिच्याकडं असतं!" मग स्वतःच्या खिशातली एक मोठी नोट काढून, सगळ्यांना दिसेल अशी धरून तो हॅटमध्ये टाकायचा. रिकाम्या हॅटमध्ये पहिला हात कोणी घालत नाही, हे त्याचं शास्त्र. घरी गेल्यावर ती नोट पुन्हा त्याच्याच खिशात जायची, हे मात्र भाषणात यायचं नाही.

हॅट घेऊन फिरायची माझी बहीण, इर्मा. हॅट छातीशी धरायची आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायची. हॅटमध्ये काय पडलं याकडं तिची नजर कधी गेली नाही. एखादी बाई दोन नाणी टाकताना लाजली तर इर्मा तिच्या पोराच्या केसांतून हात फिरवायची, आणि बाईचं लाजणं तिथंच संपायचं. घरी आल्यावर पैसे मोजायची तीच, भाडं भरायची तीच, पीठ-तेल आणायची तीच. "आज किती आले?" असं डेल्फोरनं तिला जन्मात विचारलं नाही. मी त्याला डिवचायची, "तू काय राजा लागून गेलास का रे, खजिन्याची चौकशी न करायला?" तो म्हणायचा, "मी बाटल्या पाडल्या तर ती विचारते का? मग मी कशाला विचारू?" बागेतली कितीतरी जोडपी, कितीतरी टोळ्या या एका प्रश्नापायी फुटलेल्या मी पाहिल्या. ही दोघं चाळीस वर्षं टिकली.

इर्मा आजारी पडली तेव्हा त्यांची ओढाताण सगळ्या गल्लीनं पाहिली. डेल्फोरनं त्यांची जुनी व्हॅन विकली. त्या व्हॅनमधून ती दोघं जत्रांना हिंडली होती, तिच्यातच झोपली, तिच्यातच भांडली. त्या पैशातून औषधं आली. इर्मा राहिली नाही. त्यानंतर रविवारी हॅट घेऊन मी फिरते. ते मला जमत नाही. माझा चेहराच असा आहे की लोकांना वाटतं मी दंड वसूल करायला आलेय.

आता माझा मुलगा, उलिसेस. या डेल्फोरनंच त्याला खांद्यावर बसवून वाढवलं. त्या दोघांना मूल नव्हतं, म्हणून डेल्फोर त्याला कायम "आपला पोरगा" म्हणायचा. हा पोरगा पाच मित्रांसोबत, टायरच्या बंद पडलेल्या दुकानावरच्या खोलीत, कॉम्प्युटरचे गेम बनवतो. चांगले असतात म्हणे. विकत कोणी घेत नाही. शेवटी त्यांनी बारा गेमचं एक गाठोडं बांधलं आणि ठरवलं की ते हॅटवर द्यायचं. इंटरनेटवर पान उघडायचं, चौकटीत मनाला येईल तो आकडा टाकायचा, गाठोडं तुमचं. त्यातला काही हिस्सा आमच्या गल्लीतल्या मिर्ताला जायचा. मिर्ता शाळा सुटल्यावर पोरांना दूध-पाव देते. सरकार देतं ते अर्ध्या महिन्यातच संपतं.

उलिसेस डेल्फोरकडं आला. "काका, तुझं भाषण दे आम्हाला."

"भाषण काय कपाटात ठेवलंय होय रे?"

"तुझ्या आवाजात. लोकांनी पान उघडलं की पहिल्यांदा तूच बोलायचं."

डेल्फोर असा फुलला की काय सांगू. माझ्याच स्वयंपाकघरात बसून तालीम केली. टेबलावर थर्मास, हातात माते नावाच्या कडू चहाचा पेला, एकेक घोट नळीनं ओढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. "याला हसवायचं कसं पण?" तो फोनकडं बोट दाखवून म्हणाला. "याला तोंड कुठंय?" उलिसेस म्हणाला, "तू मावशी समोर आहे असं समज आणि बोल." मग मात्र तो बोलला. मी कांदा चिरत होते म्हणून बरं.

गाठोडं उघडलं आणि पहिल्या काही दिवसांत अगदी लाज निघाली. बारा गेम घेऊन माणसं एका लिमलेटच्या गोळीची किंमत ठेवून जात होती. डेल्फोर रोज संध्याकाळी विचारायला यायचा.

"त्यांना आवडले नाहीत का गेम?"

"त्यांनी अजून उघडलेही नाहीत, काका."

"मग पैसे कसले दिले?"

"तेच तर."

"अरे, जेवायला बसायच्या आधी बिल मागितल्यासारखं झालं हे. आमच्याकडं लोक हसून झाल्यावर देतात. शिवाय शेजारचा बघत असतो, समोर इर्मा उभी असते. तुमच्याकडं माणूस एकटा, अंधारात, चड्डी-बनियनवर. तो कशाला देईल?"

उलिसेसनं मग त्याला सगळं समजावलं. लोक दुसऱ्यानं काय दिलं ते बघतात. पानावर सरासरी दिसते. सरासरीच्या वर दिलं की दोन गेम जास्त मिळतात, पण सरासरीच जमिनीला टेकली असेल तर वर जायला काय लागतं? सर्वांत जास्त देणाऱ्यांची नावं पानाच्या माथ्यावर लागतात, काहींना त्याचीच हौस असते. दुधाचा हिस्सा ठळक दाखवला की माणूस थोडा सैल होतो. पण पहिले आकडे बारीक पडले की मागून येणारा प्रत्येक जण त्या मापानंच देतो.

"म्हणजे रिकामी हॅट," डेल्फोर म्हणाला.

"रिकामीच."

"मग पहिली नोट टाकली नाहीस का?"

एवढं म्हणून तो पेल्यात पाणी ओतत बसला. उलिसेसचे डोळे मी पाहिले. लहानपणी बिस्किटांचा डबा कुठं ठेवलाय ते कळलं की असेच व्हायचे.

दोन-तीन दिवसांत पैसा वाढला. उलिसेस शीळ घालत, गोड पावांचा पुडा घेऊन घरी आला. डेल्फोरला वाटलं, भाषण लागू पडलं. गल्लीभर सांगत सुटला.

त्याच आठवड्यात मिर्ता त्याच्या दारात आली आणि गळ्यातच पडली. "डेल्फोर, बोलला नाहीस रे कधी! आमच्या पोरांसाठी इर्मानं एवढं ठेवलं होतं?" तिनं फोन पुढं केला. पानाच्या माथ्यावर, सगळ्या नावांच्या वर, लिहिलं होतं: इर्मा, हॅटवाली, रोसारिओ. पुढं आकडा. माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून मोठा.

डेल्फोरनं चष्मा लावून वाचलं, मग फोन माझ्याकडं दिला. तो आकडा खोटा असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. येणार कसं? हॅटमधली नोट लहान असेल, मोठी असेल, चुरगळलेली असेल, पण ती असते. हात घातला तर लागते. पैसाच नाही आणि नुसता आकडा मिरवतोय, असली हॅट त्यानं पाहिलीच नव्हती. आणि उलिसेसकडं एवढी रक्कम असणं शक्य नव्हतं, त्याची बुटं अजून मीच घेऊन देते. तेव्हा पैसे इर्माचेच. तिनं कधीतरी भाच्याकडं गुपचूप दिले असणार आणि सांगितलं असणार, चांगल्या कामाला लाव.

मिर्ता गेल्यावर तो मला म्हणाला, "एलिदा, तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार? उलिसेसला विचार."

"त्याला कशाला विचारू? तिनं शपथ घातली असेल, पोरानं पाळली." चष्मा काढून तो सदऱ्याला पुसायला लागला. "व्हॅन विकली तेव्हा ती खाटेवरून बघत होती. मला म्हणाली, किंमत चांगली आली हो. आणि पैसे होते तिच्याकडं?"

मी त्याच्यावर ओरडले. माझ्या बहिणीबद्दल असलं बोलतोस, जीभ झडेल. पण खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पैसे मोजायची ती एकटीच होती ना. मी उलिसेसला फोन लावले, तो उचलेना. गाठोड्याची धावपळ चालली होती.

बागेत बातमी आधीच पोचली होती. पेरुजी म्हणून एक म्हातारा बाहुल्यांचा खेळ करतो. जिभेला हाड नाही, पण माणूस वाईट नाही. तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "वा डेल्फोर! चाळीस वर्षं तू फेकत राहिलास आणि ती झेलत राहिली!" सगळे हसले. डेल्फोरही हसला. त्यानं हसायला नको होतं.

त्या रविवारी खेळ नेहमीसारखा झाला. कोबी झेलला, टाळ्या झाल्या, मी हॅट घेऊन उभी. आणि भाषणात तो म्हणाला, "मंडळी, माझी बायको चाळीस वर्षं ही हॅट घेऊन फिरली. मी येडा समजत होतो की या गावचे लोक कंजूष आहेत. आता कळलं, लोक दिलदारच होते. भोक हॅटला होतं!"

लोक पोट धरून हसले. माझे कान तापले. इर्माचीच हॅट माझ्या हातात होती, आणि त्या हसण्यातून मला तशीच फिरावं लागलं.

संध्याकाळी उलिसेस जेवायला आला. ताट वाढायच्या आधीच मी विचारलं, मावशीनं तुला पैसे कधी दिले?

"कुठले पैसे?"

"यादीतले."

तो हसला. "आई, पैसे नाहीतच ते. नुसता आकडा आहे. पान आमचं, आकडा आम्हीच टाकला. काकाची पहिली नोट!"

"आणि नाव?"

"काहीतरी नाव हवं होतं ना. भलत्याचंच टाकलं तर कोणाला काय वाटणार? लोक आधी काकाचं भाषण ऐकतात, मग वर हॅटवाली इर्मा वाचतात, आणि खिसा सुटतो. अगं, मी प्रेमानंच टाकलं."

मी त्याची बाही धरली आणि दोन घरं सोडून डेल्फोरकडं नेऊन उभा केला. सांग म्हटलं, काकाला सांग. त्यानं सांगितलं. डेल्फोर खुर्चीतून उठला.

"म्हणजे पैसे नव्हते?"

"नव्हते, काका."

"कधीच नव्हते?"

"मावशीकडं कुठून असणार?"

डेल्फोरचा चेहरा एकदम उजळला. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "ऐकलंस? नव्हते तिच्याकडं पैसे!" जणू कोणी लॉटरी लागल्याचं सांगितलं होतं. आणि मग त्याला दुपार आठवली. मी बघत होते ना, मला कळलं कोणत्या क्षणी आठवली ते. तो खाली बसला.

"तूच म्हणालास, पहिली नोट टाक," उलिसेस म्हणाला.

"तुझ्या खिशातली टाक म्हणालो."

"तुझी तरी कुठं राहायची हॅटमध्ये? घरी गेल्यावर परत खिशातच जायची की."

"जायची. पण खिसा माझा, नोट माझी, हात माझा. तू तिचा हात घातलास, पोरा. आणि मी तिला भर बागेत..."

"काढून टाक ते नाव," मी म्हटलं. "आत्ता."

उलिसेस खाली बघून बोलायला लागला. दोनच दिवस राहिलेत. नाव काढलं की सरासरी पडेल. आम्ही सहा जण आहोत, माझ्या एकट्याचं नाही. मिर्ताच्या पोरांचं दूध आहे. मग डेल्फोरकडं बघून म्हणाला, "काढतो, काका. उद्या सकाळी. मावशीची शपथ."

डेल्फोरनं मान हलवली. शपथेवर त्याचा विश्वास बसला.

नाव निघालं नाही. उलट शेवटच्या दिवशी स्पेनमधल्या कोणीतरी इर्माच्या वरचा आकडा टाकला, तेव्हा माझ्या लेकानं इर्माचा आकडा आणखी वाढवला, म्हणजे तो स्पॅनिश इरेला पेटेल. तो पेटला. मिर्तानं कौतुकानं दाखवलं, बघ, इर्माचा किती वाढलाय! गाठोडं बंद झालं तेव्हा पोरांनी खोलीत नाच केला. दुधाचे पैसे मिर्ताला दुसऱ्याच दिवशी पोचले, त्यात एक पेसोही कमी नव्हता. हे मी सांगितलंच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील बाई पोटच्या पोरावर उठलीय. आपलेच दात, आपलेच ओठ. पण मेलेल्या मावशीची शपथ घेऊन तिचंच नाव दुसऱ्यांदा बाजारात बसवणाऱ्याला मी काय म्हणू? मला फसवलं असतं तर मी दोन थोबाडीत देऊन विसरले असते. मी आई आहे, सवय आहे. डेल्फोरला असली सवय नव्हती. त्याला घरच्या माणसांनी कधी फसवलं नव्हतं, आणि ज्या एका माणसानं फसवलं असं त्याला वाटलं, तिनं तर नव्हतंच फसवलं.

पुढच्या रविवारी तो मला म्हणाला, "आज मी सांगणार. जिथं बोललो तिथंच परत घेणार."

बाटल्या झाल्या, कोबी झाला. खेळ केल्याशिवाय माणसं थांबत नाहीत, म्हणून सगळा खेळ केला. मग सायकल आडवी ठेवून तो मधोमध उभा राहिला. खिशातली नोट त्यानं काढली नाही.

"गेल्या रविवारी मी इथं माझ्या बायकोला चोर म्हणालो," तो म्हणाला.

दोन-चार जण हसले. गंमत कुठं येतेय याची वाट बघत होते. मी गोलावर नजर टाकली. गेल्या रविवारच्या बघ्यांतलं एकही माणूस तिथं नव्हतं. असतं कुठं? बागेत दर रविवारी नवीन माणसं येतात. ज्यांनी ते ऐकलं होतं, ते हसून घरी गेले होते आणि इर्माला चोर समजूनच राहिले असणार. आता त्यांना कुठं गाठायचं?

डेल्फोरच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी तो थांबला नाही. "तिनं चाळीस वर्षं ही हॅट फिरवली. स्वतःसाठी बुटांचा एक जोड घेतला नाही. आजारी होती, तेव्हा मी व्हॅन विकली, आणि ती म्हणाली किंमत चांगली आली, मला वाईट वाटू नये म्हणून. अशा बाईला मी तुमच्यासमोर चोर म्हणालो, आणि तुम्ही हसलात, आणि मीही हसलो." इथं त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "ती चोर नव्हती. एवढंच सांगायचं होतं."

मग एका बाईनं डोळे पुसले, कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा गोल टाळ्या वाजवायला लागला. लोक माझ्याकडंच चालत आले. नोटा पडायला लागल्या, मोठ्या नोटा. एक बाप्या आपल्या बायकोला मिठीत घेऊनच आला आणि पाकीट रिकामं करून गेला. मी कोणाला काय सांगणार होते? हे भाषण नाही हो, असं? इर्माच्या हातात ती हॅट इतकी भरलेली मी कधी पाहिली नव्हती.

पेरुजी माझ्या मागून गेला आणि अगदी मनापासून म्हणाला, "डेल्फोर, जुन्यापेक्षा हे भाषण झकास आहे. हेच ठेव."

मी हॅट डेल्फोरपुढं धरली. तो बाटल्या पिशवीत भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"नेऊन दे तुझ्या पोराला," तो म्हणाला. "तिला विकून आलेत ते."